पसरणीच्या घाटात दुसरा गिअर

वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो आणि पाचगणीपर्यंत रस्ता सुमारे 600 मीटर चढतो. पाच माणसं, डिकीत बॅगा आणि 1.2 लिटरचं बिनटर्बोचं इंजिन असेल, तर चौथ्या गिअरमध्ये छोटी एसयूव्ही धापा टाकते. दुसरा टाकला की तीच गाडी वळण सहज घेते.

खरी परीक्षा उतरताना.

दीड टनाची भरलेली गाडी एवढी खाली येते, तेव्हा साधारण 25 लिटर पाणी उकळेल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पाय सतत ब्रेकवर असेल तर ती डिस्क-पॅडमध्ये साठते. जळका वास येतो, पकड सुटत जाते. म्हणून जाणते चालक चढलेल्या गिअरमध्येच उतरतात. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं हा तर जिवाशी खेळ! गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की आजची इंजिनं इंधन आपोआप तोडतात.