खुराड्यातील औषध आणि औषधाला पर्याय

१९५० साली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेच्या स्टॉकस्टाड व ज्यूक्स या शास्त्रज्ञांनी एक नवलाची गोष्ट जाहीर केली. ऑरिओमायसिन हे औषध तयार करताना मागे राहणारा चोथा त्यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात मिसळला होता. त्यातील ब-१२ जीवनसत्त्व पिल्लांना मिळावे, एवढाच हेतू. परंतु नुसत्या जीवनसत्त्वाने वाढावीत त्याहून ती पिल्ले अधिक झपाट्याने वाढली. चोथ्यात उरलेल्या औषधाच्या अंशाचा तो प्रताप होता. मग काय विचारता! आजारी जनावराला द्यावयाचे औषध निरोगी जनावराच्या रोजच्या दाण्यात जाऊन पडले.

औषधाची अशी अल्प मात्रा सतत पोटात जात राहिली, म्हणजे दुर्बळ जीवाणू मरतात व चिवट तेवढे उरतात. ते आपला चिवटपणा पुढच्या पिढीला तर देतातच, पण शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूंनाही देऊ शकतात. कोलिस्टिन या औषधाचे उदाहरण बोलके आहे. इतर सर्व उपाय हरले म्हणजे माणसासाठी राखून ठेवावे असे हे औषध. ते डुकरांना व कोंबड्यांना सर्रास चारले जात होते. २०१५ साली चीनमध्ये असे आढळले की, या औषधाला दाद न देण्याचा गुण एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज संक्रमित होत आहे. भारत सरकारने २०१९ साली खाद्योपयोगी पशुपक्ष्यांसाठी त्याची विक्री व वापर यांस मनाई केली. स्वीडनने तर वाढीसाठी प्रतिजैविके चारणे १९८६ सालीच बंद केले होते. युरोपीय संघाने २००६ साली तोच मार्ग पत्करला.

मनाई करणे सोपे. पण एकाच छपराखाली हजारो पक्षी कोंडलेले असताना रोग शिरला तर करावे काय? येथे फिनलंडमधील एका संशोधनाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९७१ च्या सुमारास त्या देशातील कोंबड्यांत साल्मोनेला जीवाणूंचा मोठा फैलाव झाला. नुर्मी व रंताला यांच्या ध्यानात आले की, प्रौढ कोंबडीला या जंतूची फारशी बाधा होत नाही, पण नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मूठभर जंतूही पुरतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईचा सहवास मिळत नाही. कोंबडीमागे उकिरडा उकरीत हिंडणारे पिल्लू आईच्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू आपसूक टिपून घेते. यंत्रातील पिल्लाचे आतडे मात्र रिकाम्या धर्मशाळेसारखे असते, पहिला येईल तो मुक्काम ठोकतो. या दोघांनी प्रौढ पक्ष्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना पाजले आणि साल्मोनेलाला जागाच उरली नाही. १९७३ साली हे प्रसिद्ध झाले. पशुखाद्यात उपकारक जीवाणू मिसळण्याच्या आजच्या पद्धतीला याच विचाराचा भक्कम आधार आहे. त्यात दह्याताकातील जीवाणूंचे भाऊबंदही असतात. मात्र ‘प्रोबायोटिक’ अशी चिठ्ठी लावलेली प्रत्येक पुडी सारख्याच गुणाची असते असे कोणी समजू नये. कोणत्या जातीचा जीवाणू, किती संख्येने जिवंत आणि कोणत्या वयात दिला, यावर सारे अवलंबून असते.

दुसरा उपाय अधिक आक्रमक आहे. जीवाणूंनाही त्यांचे विषाणू असतात, त्यांना जीवाणुभक्षक म्हणतात. असा भक्षक आपल्या ठराविक जीवाणूच्या कवचाला चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो आणि त्या जीवाणूकडूनच स्वतःच्या शेकडो प्रती करवून घेतो. अखेर जीवाणू फुटतो व ही नवी फौज पुढच्या सावजाकडे वळते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स द’एरेल यांनी १९१७ साली या भक्षकांना नाव दिले आणि १९१९ साली फ्रान्सच्या खेड्यांतील कोंबड्यांच्या टायफॉइडवर त्यांचा प्रयोगही केला. म्हणजे हा ‘नवा’ उपाय पेनिसिलिनहून जुना आहे! पुढे प्रतिजैविकांच्या झगमगाटात पश्चिमेकडे त्याचा विसर पडला.

इंग्लंडमध्ये विल्यम्स स्मिथ व हगिन्स यांनी १९८३ साली ई. कोलाय जीवाणूंमुळे हगवण लागलेल्या वासरांवर, कोकरांवर व डुकराच्या पिल्लांवर भक्षकांचा यशस्वी उपयोग केला. नंतर तर गोठ्यातील पेंढ्यावर भक्षकांचे पाणी शिंपडले तरी वासरांना हगवण लागेना. इतकेच नव्हे, भक्षकांनी बरी झालेली वासरे जेथे राहून गेली, त्या न झाडलेल्या गोठ्यातही नवी वासरे सुरक्षित राहिली. ज्या घाणीतून रोग पसरावयाचा, तिच्यातूनच उतारा पसरला.

अडचणी आहेतच. भक्षक इतका चोखंदळ असतो की, एकाच जातीच्या जीवाणूचा एक वाण तो मारील व दुसऱ्याला शिवणारही नाही. ही चोखंदळ वृत्ती आतड्यातील मित्रजीवाणूंना वाचवते हे खरे. पण त्यामुळे रोगकारक वाण आधी नेमका ओळखावा लागतो, आणि गोठ्यात तितका अवकाश नेहमी असतोच असे नाही. जठरातील आम्ल काही भक्षकांना सोसत नाही. जीवाणूही भक्षकाला चकवण्यास शिकतात, म्हणून अनेक भक्षकांचे मिश्रण वापरतात. कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू कोंबडीला फारसा त्रास देत नाही, पण तिचे मांस खाणाऱ्याला देतो. त्याच्यासाठी भक्षक पक्षी कापण्याच्या एकदोन दिवस आधी पाजावेत असे संशोधक सुचवतात, कारण मग चकवणारी नवी पिढी फोफावण्यास वेळच मिळत नाही.