केर आणि कचरा

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे जुनी माणसे म्हणत. बारा वर्षे हा म्हणीपुरता आकडा. शेतकऱ्याचा उकिरडा दरसाल मोकळा व्हायचा. शेण, गोठ्यातला केर, चुलीची राख, भाजीची देठे असे सारे त्यात पडे आणि मृगापूर्वी गाड्या भरून शेतात जाई. उकिरडा ही खताची कोठीच होती. पंचवटीतल्या वाड्यात लहानपण गेलेल्या माझ्या सासूबाईंना परसातला खड्डा अजून आठवतो. ‘आमच्याकडे कचरा नव्हताच गं, केर होता,’ असे त्या म्हणतात. या दोन शब्दांतला फरक समजला, की निम्मे काम झाले.

वाडे गेले, परसे गेली. गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड. घंटागाडी नाशिककरांना नव्वदीच्या दशकापासून ओळखीची. तिच्यातला कचरा पाथर्डी शिवारातल्या महापालिकेच्या खतप्रकल्पाकडे जातो. मग घरात हा उपद्व्याप कशाला, असे शेजारच्या वहिनींनी मला विचारले होते. प्रश्न रास्तच आहे. पण आपण एकाच पिशवीत दुधीची साले, औषधाची बाटली आणि दाढीचे पाते घालतो, तेव्हा ती पिशवी पुढे कुणाला तरी हातांनी उपसावी लागते. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, असे केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनी सांगितले, ते याचसाठी. भाजीच्या देठात मुळात घाण काहीच नसते. घाण होते ती सरमिसळीने आणि कोंडण्याने. गाठ मारलेल्या पिशवीत हवा नसते. हवेवाचून जगणारे जिवाणू तिथे माजतात आणि दुर्गंधी सुटते. कचऱ्याच्या डोंगरात त्यांच्यामुळेच मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. त्याच देठांना हवा मिळाली, की वेगळे जिवाणू कामाला लागतात आणि त्यांची माती होते.

आमच्या चौघांच्या घरात रोज पाऊण किलोच्या आसपास ओला केर निघतो. त्याला दोन जुने माठ पुरतात. माठाच्या बुडाला आणि अंगाला चार-पाच भोके पाडायची. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि वर वीतभर पाचोळा. मग रोजचा केर बारीक चिरून घालायचा आणि त्यावर त्याच्या दुप्पट सुका पाचोळा पसरायचा. विरजण म्हणून सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक. तीन-चार दिवसांनी काठीने खालवर करायचे, तोंडावर गोणपाट टाकायचे. एक माठ भरला की तो मुरू द्यायचा आणि दुसरा सुरू करायचा. अडीच-तीन महिन्यांत माठभर केराचे तिसरा हिस्सा खत उरते. ते काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला वळवाच्या पहिल्या सरीसारखा वास येतो.

यातली खरी मेख पाचोळ्यात आहे. जिवाणूंना नत्राच्या पंचवीस ते तीस पट कर्ब लागतो. ओल्या केरात नत्र आणि पाणी भरपूर, तर पाचोळ्यात कर्ब. शिवाय पाचोळा पोकळ राहतो, त्यामुळे हवा खेळते. वास आला तर पाचोळा वाढवावा, काम थंडावले तर पाण्याचा हबका मारावा. मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा हवा. कांद्याची टरफले, चहाचा धुतलेला चोथा, अंड्याची कवचे, देवाची फुले सारे चालते. लिंबाची साले थोडीच घालावीत. तेलकट भाजी, मांस-मासळी माठात नको.

हा विचार आपल्याकडे फार पूर्वी मांडला गेला आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना त्यांनी स्वतःच्या बागेत प्रयोग करायला शिकवले आणि शहरातल्या माणसाला गच्चीवर, केरकचऱ्याच्या जोरावर भाजी पिकवायचा नाद लावला. शेतकरी असो वा गृहिणी, आपल्या अंगणात प्रत्येकजण संशोधक होऊ शकतो, ही त्यांची धारणा. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण माठावरचे गोणपाट उचलताना मला त्यांची आठवण होते.

या खताकडून चमत्काराची अपेक्षा मात्र नको. युरियात शेकडा 46 भाग नत्र असते, घरच्या खतात जेमतेम एक-दोन. पण युरिया मातीला भुसभुशीत करत नाही, पाणी धरून ठेवायला शिकवत नाही. तीन भाग माती आणि एक भाग खत घेतले, तर गॅलरीतल्या कुंडीतही मिरची, कढीपत्ता, गवती चहा छान धरतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये, जेव्हा दुपारी कुंडी तापून निघते, तेव्हा या ओलाव्याची किंमत कळते.

दर माघ-फाल्गुनात आपल्या कॉलन्यांमधून पाचोळ्याचे ढीग लागतात आणि सकाळी सकाळी कोणीतरी त्यांना काडी लावतो. धूर दम्याच्या आजोबांच्या छातीत जातो आणि खताचा अर्धा ऐवज जळून जातो. 2016 च्या नियमांत असे जाळायला मनाई होती, पण ती कागदावरच राहिली.

आज रविवार आहे. भाजी निवडून झाली, की देठे पिशवीत कोंबण्याआधी क्षणभर थांबा आणि त्यांना वेगळ्या पातेल्यात ठेवा. खाली उतराल तेव्हा पाचोळ्याचे एक पोते घेऊन या. काडी लावायला निघालेल्या दादांना सांगा, हे आमच्या घरी लागते. बाकीचे काम माठ आणि माती करतील.