जबलपुरात जास्त माणसं मरतात का?

मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांची यादी समोर घेऊन कोणता जिल्हा बरा आणि कोणता धोक्याचा, हे ठरवायची हौस अलीकडे वाढली आहे. वर्तमानपत्रात एखादा तक्ता येतो, मोबाइलवर फिरतो आणि संध्याकाळपर्यंत निकालही लागलेला असतो: जबलपुरात मृत्यू जास्त, शेजारच्या मंडला-डिंडोरीत कमी, म्हणजे शहराचं पाणी, हवा नाहीतर दवाखाने, काहीतरी नक्की बिघडलंय. तक्त्यातला आकडा बहुधा खरा असतो. घोळ होतो तो अर्थ लावताना. मृत्यूचा आकडा वाचताना चार गोष्टी विचाराव्या लागतात. माणूस राहायला कुठे होता? त्याचं वय काय होतं? भागाकारात लोकसंख्या कोणत्या सालची धरली? आणि मोजदाद कोणी, किती माणसांची केली? पुढचे सहा गैरसमज यातला एखादा प्रश्न राहून गेल्यामुळेच झाले आहेत.

गैरसमज १: जिथे मृत्यूंची नोंद जास्त, तो जिल्हा जास्त आजारी.

वस्तुस्थिती: १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यू जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे त्याची नोंद होते. माणूस मूळचा कुठला, याचा त्या नोंदीच्या जागेशी संबंध नाही. जबलपूरचं नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं. सगळं महाकोशल त्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतं. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, कटनी, दमोह या जिल्ह्यांतला रुग्ण हाताबाहेर जातोय असं दिसलं, की कागदावर 'रेफर जबलपूर' लिहिलं जातं आणि गाडी निघते. त्यातला जो वाचत नाही, त्याचा मृत्यू जबलपूरच्या खात्यात पडतो. जीव धोक्यात असलेले रुग्ण ज्या दवाखान्यात येणार, तिथे मृत्यू जास्त दिसणारच. तेवढ्यावरून दवाखाना वाईट ठरत नाही आणि शहरही.

हीच गोष्ट राज्याच्या सीमेवर आणखी ठळक होते. छिंदवाडा, बालाघाट, सिवनीकडच्या अनेक कुटुंबांना नागपूर जवळचं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधानं २० हून अधिक मुलं दगावली. मूत्रपिंडं निकामी झालेल्या अनेक मुलांना नागपूरला हलवलं होतं आणि त्यातली बरीच तिथेच गेली. कायद्याच्या हिशेबानं असा मृत्यू महाराष्ट्रात नोंदला जातो, विष मात्र मध्य प्रदेशातल्या एका तालुक्यात वाटलं गेलेलं असतं. नोंदीची जागा आणि राहण्याची जागा वेगळी न काढता कोणी नुसता जिल्हावार तक्ता पाहिला, तर परासिया त्याच्या नजरेतून सुटेल आणि नागपूरबद्दल उगाच शंका येईल.

यावरचा उपाय नमुना क्रमांक २ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या सूचनापत्रातच आहे. त्याचे दोन भाग असतात. कायदेशीर भागात नाव, तारीख, मृत्यूचं ठिकाण असतं. सांख्यिकी भागात मृत व्यक्तीचं राहतं गाव किंवा शहर, जिल्हा, व्यवसाय, शेवटच्या आजारात कोणते उपचार मिळाले, इतकंच काय, विडी, तंबाखू, सुपारी किंवा दारूचं व्यसन किती वर्षं होतं हेही विचारलेलं असतं. दाखला हातात पडला की घरच्यांचं काम झालं, म्हणून हा दुसरा भाग घाईत उरकला जातो. जिल्ह्याजिल्ह्यांची रास्त तुलना मात्र त्याच्याच आधारानं होऊ शकते.

गैरसमज २: जिथे नोंदी कमी, तिथली माणसं ठणठणीत.

वस्तुस्थिती: नोंद कमी असण्याचं साधं कारण बहुतेकदा नोंदच न होणं हे असतं. मृत्यू २१ दिवसांत कळवायचा असतो. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जमीन, विमा, पेन्शन, बँकेतलं खातं यांपैकी काही मागे असेल तर वारस दाखल्यासाठी खेपा घालतात. डोंगरातल्या पाड्यावर चार दिवसांचं बाळ गेलं, तर त्याच्या दाखल्याचं आईबापांना काय काम? म्हणूनच अर्भकांच्या आणि बायकांच्या मृत्यूंच्या नोंदी सर्वांत जास्त निसटतात, आणि आरोग्यव्यवस्थेची पारख नेमकी याच मृत्यूंवरून होते.

देशभरात अंदाजित मृत्यूंपैकी २०११ मध्ये सुमारे ६७ टक्के मृत्यू नोंदले गेले होते. २०१९ मध्ये हे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेलं. एखाद्या जिल्ह्यातल्या नोंदी या काळात वाढल्या असतील, तर त्यातली बरीचशी वाढ कारकुनाच्या वहीची आहे. उलट बाजूनं, आकडा घसरला तर शोध ढिला पडला नव्हता ना, हे आधी तपासावं. मंडल्यात २०१७ पासून १,२३३ गावांत मलेरिया निर्मूलनाचा प्रकल्प राबवला गेला आणि जून २०१७ ते मे २०२० या काळात तिथलं स्थानिक मलेरियाचं प्रमाण ९१ टक्क्यांनी घटल्याचं जाहीर झालं. ही घट वजनदार ठरते, कारण कार्यकर्ते घरोघर फिरून ताप आलेल्यांना शोधून तपासत होते. रुग्ण दवाखान्यात आलेच नाहीत म्हणून आकडा खाली गेला असता, तर त्याला काही किंमत नव्हती.

गैरसमज ३: हजारी मृत्युदर कमी म्हणजे आरोग्य चांगलं.

वस्तुस्थिती: तसं असतं तर केरळनं मध्य प्रदेशाकडून धडे घ्यायला हवेत. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकड्यांनुसार केरळचा मृत्युदर हजारी ७.० होता, मध्य प्रदेशाचा ६.५ आणि दिल्लीचा अवघा ३.६. त्याच वर्षी हजार जिवंत जन्मांमागे केरळात ६ अर्भकं दगावली, मध्य प्रदेशात ४३. २०१४-१८ च्या आकड्यांप्रमाणे केरळी माणसाचं सरासरी आयुर्मान ७५.३ वर्षं होतं, मध्य प्रदेशातल्या माणसाचं ६६.५.

कोडं वयाचं आहे. केरळात साठीपुढची माणसं १६.५ टक्क्यांच्या आसपास आहेत, मध्य प्रदेशात जवळपास त्याच्या निम्मी. हिशोब करून पाहू. समजा 'अ' जिल्ह्यात हजार माणसांत ८० वृद्ध आहेत. वृद्धांत हजारी ४० आणि बाकीच्यांत हजारी ३ मृत्यू होतात. एकूण दर येतो सुमारे ६.०. 'ब' जिल्ह्यात आरोग्यसेवा सरस, म्हणून वृद्धांत हजारी ३६ आणि बाकीच्यांत हजारी २ मृत्यू. पण तिथे वृद्ध १६० आहेत. त्याचा एकूण दर निघतो ७.४. प्रत्येक वयोगटात 'ब' सरस, तरी यादीत 'अ' वरचढ! म्हणून तुलना करताना दोन्ही जिल्ह्यांवर एकच वयोरचना लावून दर काढतात. ज्या तक्त्यात हे केलेलं नाही, त्यावरून क्रमवारी लावण्यात अर्थ नाही.

गैरसमज ४: सरकारकडे दर वर्षी प्रत्येक जिल्ह्याचा खात्रीचा मृत्युदर असतो.

वस्तुस्थिती: देशात सर्वाधिक विश्वासानं वापरले जाणारे आकडे नमुना नोंदणी पद्धतीचे. सुमारे ८,८५० निवडक गावं आणि शहरी गट, ८० लाखांच्या आसपास माणसं. गावातला गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघर विचारतो आणि दोन्ही याद्या ताडून पाहतात. ही पद्धत चोख आहे, पण तिचा नमुना राज्याला पुरतो, जिल्ह्याला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही मध्य प्रदेशाचा अर्भक मृत्युदर मिळतो: २०१५-१६ मध्ये ५१, २०१९-२१ मध्ये ४१. जिल्ह्यांच्या पत्रकांत मात्र हा आकडा नसतो.

जिल्हावार दर खरोखर मोजण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे वार्षिक आरोग्य सर्वेक्षण. २०१०-११ ते २०१२-१३ या काळात नऊ राज्यांतल्या २८४ जिल्ह्यांत ते झालं. त्यात मध्य प्रदेशातले ४५ जिल्हे होते. पन्ना जिल्ह्याचा अर्भक मृत्युदर इंदूरच्या दुपटीहून जास्त निघाला. एकाच राज्यात, एकाच सरकारच्या कारभारात एवढी तफावत होती. पुढे ते सर्वेक्षण थांबलं. आज फिरणाऱ्या जिल्हावार याद्यांत जुने आकडे, अंदाज किंवा नोंदणीच्या कच्च्या बेरजा यांची सरमिसळ असते.

छोट्या आकड्यांचीही एक खोड आहे. समजा एका जिल्ह्यात वर्षाला १५,००० बाळंतपणं होतात. मध्य प्रदेशात २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या. त्या हिशोबानं इथे वर्षाला २६ मृत्यू होतील. निव्वळ योगायोगानं एका वर्षी ते १७ होतील, दुसऱ्या वर्षी ३५. म्हणजे दर ११३ वरून थेट २३३! दवाखान्यात काहीच बदललेलं नसताना एका वर्षी जिल्हाधिकाऱ्यांचा सत्कार होईल आणि पुढच्या वर्षी त्यांना नोटीस जाईल. राज्यांसाठीसुद्धा हा दर तीन वर्षं एकत्र धरून काढतात, तो याचसाठी.

गैरसमज ५: गेल्या काही वर्षांत मृत्युदर वाढला, किंवा घटला.

वस्तुस्थिती: सुरुवातीचं साल निवडा आणि हवं ते सिद्ध करा. भारताचा हजारी मृत्युदर २०२० मध्ये ६.०, २०२१ मध्ये ७.५, २०२२ मध्ये ६.८ आणि २०२३ मध्ये ६.४ होता. २०२१ पासून मोजलं तर मोठी घट, २०२० पासून मोजलं तर वाढ. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही अपुरी. मधला उंचवटा कोविडच्या दुसऱ्या लाटेचा. देशात नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख होते, २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांवर गेले. मध्य प्रदेशात मे २०२१ मधल्या नोंदी एरवीच्या मे महिन्याच्या कितीतरी पट होत्या. कोविडचे म्हणून जाहीर झालेले मृत्यू त्यापुढे अगदीच थोडे होते. जबलपूर असो वा बालाघाट, कल पाहायचा तर २०२० आणि २०२१ बाजूला ठेवून आधीची काही वर्षं आणि नंतरची काही वर्षं यांची सरासरी घ्यावी.

अर्भक मृत्युदराचं चित्र जास्त स्थिर आहे, पण तिथेही शाबासकी जपून द्यावी. मध्य प्रदेशाचा दर २०१३ मध्ये ५४ होता, २०२३ मध्ये ३७ झाला. हे मोठंच काम आहे. त्याच दहा वर्षांत देशाचा दर ४० वरून २५ वर आला. म्हणजे राज्यात घट सुमारे ३१ टक्के, देशात सुमारे ३७ टक्के. आपण चाललो, पण बाकीचे जास्त झपाट्यानं चालले. त्यातही राज्याच्या ग्रामीण भागातला दर शहरी भागाच्या दीडपट राहिला आहे. जिल्ह्याच्या एका सरासरीत तो भेद बुडून जातो.

गैरसमज ६: जिल्हा तोच, मग जुन्या आकड्यांशी तुलना सरळ आहे.

वस्तुस्थिती: नाव तेच राहिलं, हद्द बदलली. कटनी १९९८ मध्ये जबलपुरातून वेगळा झाला, त्याच वर्षी डिंडोरी मंडल्यातून. मराठी बोलणाऱ्यांचा पांढुर्णा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघाला. आता छिंदवाड्यात मृत्यू कमी झाले असं कोणी म्हणालं, तर पांढुर्ण्याचे वजा झालेले मृत्यू आधी विचारा.

भागाकारातला खालचा आकडाही असाच फसवतो. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या होती २४,६३,२८९. २०२१ ची जनगणना लांबली आणि आता २०२७ ठरली आहे. समजा एखाद्या वर्षी १८,००० मृत्यू नोंदले गेले. २०११ च्या लोकसंख्येनं भागलं तर दर ७.३ येतो, प्रत्यक्षात लोकसंख्या २९ लाख झाली असेल तर ६.२. एकही माणूस कमी-जास्त न मरता दर बदलला. नवी जनगणना होईपर्यंत प्रत्येक जिल्ह्याचा दर हा अंदाजावर उभा राहणार, आणि शहरात स्थलांतर जास्त तिथे हा अंदाज जास्त चुकणार.

मग जिल्ह्यांची तुलना करूच नये का? जरूर करावी. पन्ना आणि इंदूर यांच्यातली तफावत कळली ती तुलना केल्यामुळेच. फक्त आकडे राहत्या जिल्ह्याप्रमाणे लावलेले, वयोरचनेचा फरक काढून टाकलेले, तीन-चार वर्षं एकत्र धरलेले आणि एकाच हद्दीचे असावेत. यातलं बरंचसं काम तज्ज्ञांचं आहे, पण पहिली पायरी घरच्यांच्या हातात असते. डिंडोरीच्या पेशंटसोबत आलेले नातेवाईक मेडिकलच्या खिडकीशी फॉर्म भरताना सोयीसाठी जबलपूरच्या भाच्याचा पत्ता लिहून मोकळे होतात. राहत्या गावाच्या रकान्यात खऱ्या गावाचं नाव घाला, जिल्हा डिंडोरी लिहा आणि खालचे प्रश्न कोरे सोडू नका. पुढचं आरोग्य केंद्र कुठे हवं, हे त्या रकान्यांच्या बेरजेवरूनच कळणार आहे.