दोरीनें गवत कापणाऱ्या विद्युत्-यंत्राची निगा

बांधावरचें गवत कापणारें, नायलॉनच्या दोरीचें विद्युत्-यंत्र हल्लीं कित्येक शेतकरी बाळगतात. तें मंदावलें कीं मोटर बिघडली असें म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु पुष्कळदां दोष मोटरीचा नसून तिजवरील भाराचा असतो. प्रथम प्लग काढावा. मग रीळ उतरून आंसास गुंडाळलेली हराळी चाकूनें कापून काढावी. हवेचीं भोकें कोरड्या कुंचल्यानें झाडावीं. पाणी घालूं नये. दोरी ठरल्या जाडीचीच घेऊन रिळावरील बाणाच्या दिशेनें, वेढे एकमेकांत न गुंतवितां, गुंडाळावी. ठिसूळ झालेली दोरी दिवसभर पाण्यांत भिजविल्यास पुन्हां लवचीक होते.

गार्डाविषयीं मात्र आमचीच चूक सांगणें प्राप्त आहे. पायांचें रक्षण एवढेंच त्याचें काम, अशी आमची समजूत होती. वस्तुतः त्याच्या कडेस लहानसें पातें असतें व तें वाजवीहून लांब आलेली दोरी छाटतें. कुंपणालगत अडचण होते म्हणून आम्हीं गार्ड काढून टाकिला. दोरी लांबली, भार वाढला, आणि अर्ध्या तासांत मोटर जळाली! वाइंडिंग नव्यानें भरून घ्यावें लागलें. त्याची मजुरी नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक पडली. माळ्यावर ठेविलेला गार्ड त्याच दिवशीं पुन्हां बसविला.