सर्व्हरला वेळ विचारण्याचीही किंमत
शिर्डी (जि. अहिल्यानगर) येथील साई मंदिराचा दर्शन पास इंटरनेटवरून आरक्षित करता येतो. अशा कोणत्याही आरक्षण सेवेत मागणी केव्हा आली, पैसे केव्हा जमा झाले, याची टप्प्याटप्प्याला वेळ नोंदवावी लागते. गर्दीच्या वेळी अनेक सर्व्हरवर विभागलेले सॉफ्टवेअर त्यासाठी सेकंदाला हजारो वेळा घड्याळ पाहते. दरवेळी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जायचे, तर शेकडो नॅनोसेकंद खर्ची पडतात. वेळ विचारायला साहेबांच्या दालनात जाण्यासारखेच ते! लिनक्सने 'व्हीडीएसओ' या सोयीने जणू ते घड्याळ बाहेरच्या भिंतीवर लावले. प्रोग्रॅम सामायिक मेमरीतून वेळ थेट वाचतो. काही व्हर्च्युअल मशीनवर मात्र ही सोय लागू होत नाही व जुना खर्च परत येतो. हे आधी तपासावे.

'इंजिन-एक्स' हा वेब सर्व्हर याहून पुढे जातो. एकदा वाचलेली वेळ तो अनेक नोंदींसाठी वापरतो. ती काही मिलिसेकंद शिळी असू शकते. साध्या नोंदींसाठी ते चालते. पण शेवटच्या पाससाठी दोन भाविकांची मागणी दोन सर्व्हरवर पोहोचली, तर? दोन यंत्रांची घड्याळे मुळातच तंतोतंत जुळत नाहीत. तिथे घड्याळाऐवजी डेटाबेसने दिलेला अनुक्रमांकच ग्राह्य धरावा लागतो.