टेट्रिस: विचार डोक्यात होतो की बोटांत?

मंडळी, मन कुठं असतं, हा प्रश्न आपण मागच्या वेळी अर्धवट सोडला होता. आज एका खेळण्याच्या मदतीनं तो पुढं नेऊ. नव्वदीच्या दशकात जत्रेत, बाजारात मिळणारा तो ब्रिक गेम आठवतो ना? नागभीडसारख्या गावातल्या पोरांनाही तो ठाऊक होता. त्यातला मुख्य खेळ म्हणजे टेट्रिस. अलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४ साली मॉस्कोत रचला आणि १९८९ मध्ये निन्टेंडोच्या गेम बॉयबरोबर तो जगाच्या खिशात गेला.

खेळ साधा वाटतो. चार चौकटींचे सात आकार वरून पडतात, ते फिरवून आडवी ओळ भरायची. पण सातही आकार एकेकदाच घेऊन चार बाय सातचा आयत भरून बघा. चौकटी बरोबर २८ आहेत, तरी जमणार नाही. का? तो आयत बुद्धिबळाच्या पटासारखा रंगवा. १४ काळ्या, १४ पांढऱ्या. सहा आकार कसेही ठेवा, दोन काळ्या नि दोन पांढऱ्या झाकतात. टी मात्र तीन आणि एक झाकतो. म्हणून बेरीज १५ आणि १३ च येते. एकही तुकडा न हलवता अशक्यता सिद्ध झाली! हा शुद्ध डोक्यातला विचार.

आता प्रत्यक्ष खेळणाऱ्याकडे या. १९९४ साली डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचा अभ्यास मांडला. खेळाडू तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात, असं त्यांना दिसलं. हा गोंधळ नव्हे. आकार मनात फिरवण्यापेक्षा बटन दाबून फिरवून बघणं कितीतरी जलद होतं. म्हणजे बोट इथं ठरलेला निर्णय अमलात आणत नाही, निर्णय घ्यायला मदत करतं. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ च्या निबंधात हाच धागा पकडून विचारलं: मग मनाची हद्द कवटीपाशीच का संपवायची?

तुम्ही म्हणाल, असं असेल तर मोबाइलवरून उतरवलेलं उत्तरही आमच्याच मनाचं का? नाही. टेट्रिसमध्ये फिरवणं, बघणं, ठरवणं हे चक्र खेळणाराच चालवतो. उतरवलेल्या उत्तरात ते चक्रच नसतं. साधन हातात आहे की नाही यापेक्षा, त्यानं आपण विचार करतो की विचार टाळतो, हा फरक महत्त्वाचा.

हे तुम्हाआम्हाला लागू कुठं पडतं? पहिलीतलं पोर बोटांवर बेरीज करतं, तेव्हा आपण पटकन म्हणतो, "बोटं नको मोजू, डोकं चालव." अहो, ते डोकंच चालवतंय! पुढं बोटं आपोआप सुटतील. तोवर ती हिसकावून घेऊ नका, एवढंच आमचं सांगणं.