स्टेरॉइडचे शेवटचे पाच मिलिग्रॅम

दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड कमी करत आणताना रुग्णाला जो त्रास होतो, तो बहुधा ना मूळ आजारासारखा वाटतो, ना औषधाच्या परिचित दुष्परिणामांसारखा. हातपाय ठणकतात, अंगात त्राण राहत नाही, जेवणावरची वासना उडते, मळमळते, बसल्या जागेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते, काही कारण नसताना रडू येते आणि काहींच्या तर त्वचेचे पापुद्रे निघू लागतात. नेहमीच्या रक्ततपासण्यांत काहीच सापडत नाही, म्हणून घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणू लागतात आणि कधी कधी दवाखान्यातही तेच ऐकावे लागते. वस्तुतः या तक्रारींमागे शरीराच्या कार्यपद्धतीतील ठोस कारणे आहेत आणि ती रुग्णाला आधीच समजावून सांगितली, तर निम्मी भीती तरी टळू शकते.

येथे स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन यांसारखी दाह शमवणारी औषधे. व्यायामशाळांत स्नायू वाढवण्यासाठी ज्यांचा गैरवापर होतो, ती द्रव्ये वेगळी. दाहशामक स्टेरॉइडे ही आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाची भावंडे आहेत. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. त्यांना तसा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून मिळतो आणि पीयूषिकेवर अधश्चेतक या मेंदूच्या भागाचे नियंत्रण असते. सकाळी जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसोलचे प्रमाण सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते; गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात, त्यामागे पोटाच्या काळजीइतकेच हेही कारण आहे. निरोगी शरीराची दिवसाची गरज साधारणपणे पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपास भरते. त्याहून अधिक औषध कित्येक आठवडे बाहेरून येत राहिले, की मेंदूच्या लेखी कॉर्टिसोल मुबलक ठरते, हुकूम थांबतो आणि वापराविना अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. त्या पुन्हा कामाला लागायला काही महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ जातो.

हे ज्ञान वैद्यकशास्त्राने मोठी किंमत मोजून मिळवले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताच्या एका स्त्री रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन देण्यात आले, अंथरुणाला खिळलेली ती रुग्ण थोड्याच दिवसांत चालू लागली आणि १९५० चे नोबेल पारितोषिक या संशोधनाबद्दल हेन्च, केंडाल व राइखस्टाइन यांना मिळाले. पण १९५२ मध्येच अशी नोंद प्रसिद्ध झाली, की कॉर्टिसोन घेत असलेल्या एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळून मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. स्टेरॉइड एकाएकी थांबवू नये, हा नियम त्या काळापासूनचा आहे. तीन-चार आठवड्यांहून कमी काळ घेतलेले औषध बहुधा टप्प्यांविना थांबवता येते. प्रश्न त्यापुढचा आहे.

डोस कमी करण्याचे गणित वरवर सोपे दिसते, पण त्यात एक मेख आहे. साठवरून पंचावन्न मिलिग्रॅमवर येणे म्हणजे औषधात जेमतेम आठ टक्क्यांची घट. पाचवरून चारवर येणे म्हणजे वीस टक्क्यांची, आणि दोनवरून एकवर येणे म्हणजे थेट निम्मी. शिवाय पाचच्या खाली उतरताच उरलेली तूट शरीराने स्वतः भरून काढायची असते, आणि नेमकी तीच यंत्रणा अजून झोपेत असते. म्हणून चाळीसपासून दहापर्यंत झपाट्याने आणि विनासायास उतरलेला रुग्ण शेवटच्या पाच मिलिग्रॅमवर अडखळतो, तेव्हा तो मनाने कच्चा असतो असे मुळीच नाही. या टप्प्यात महिन्याला एक मिलिग्रॅम, किंवा एक दिवस पाच व एक दिवस चार अशी गती अनेक तज्ज्ञ पसंत करतात. मात्र गावातल्या दुकानात एक मिलिग्रॅमची गोळी मिळाली नाही, तर पाचच्या गोळीचे तुकडे नखाने पाडले जातात, चुरा कागदावर सांडतो आणि रुग्णाच्या पोटात एक दिवस दोन तर दुसऱ्या दिवशी तीन मिलिग्रॅम जाते. अशा वेळी त्रास कमीजास्त झाला, तर त्याचा दोष आजाराला लावता येत नाही.

उतरत्या डोसातील तक्रारी तीन निरनिराळ्या कारणांनी होतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्यामुळे त्यांची गल्लत महागात पडते. पहिले कारण म्हणजे मूळ आजाराने पुन्हा डोके वर काढणे. तेव्हा जुने दुखणे बहुतेक जुन्याच जागी परतते, आमवातात बोटांचे सांधे सुजतात, सकाळचा आखडलेपणा वाढतो, दम्यात छातीत घरघर होते आणि दाह दाखवणारे रक्तातील निर्देशक अनेकदा चढतात. दुसरे कारण म्हणजे कॉर्टिसोलची खरीखुरी तूट, जिच्यात थकवा, मळमळ, वजन घटणे, उभे राहताच रक्तदाब उतरणे आणि रक्तातील सोडियम कमी होणे ही लक्षणे दिसतात. तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. कॉर्टिसोल पुरेसे असूनही, केवळ पूर्वीच्या मोठ्या मात्रेला सरावलेले शरीर तिच्या अभावी कुरकुरते, सांधे आणि स्नायू सर्वांगभर दुखतात, झोप बिघडते, मन उदास होते. याला स्टेरॉइड-विच्छेदन लक्षणसमूह असे म्हणता येईल. हा त्रास डोस उतरवल्यावर लवकरच सुरू होतो आणि डोस स्थिर ठेवला तर बहुधा हळूहळू ओसरतो, तर मूळ आजार उसळला असेल तर दुखणे दिवसागणिक वाढतच जाते. डोस कोणत्या तारखेला किती उतरवला, दुखणे कुठे आणि सकाळी की संध्याकाळी, हे साध्या वहीत लिहून ठेवले, तर डॉक्टरांना हा भेद करणे पुष्कळ सोपे जाते.

याखेरीज काही त्रास आधीच्या मोठ्या डोसाची मागे राहिलेली देणी असतात. मांडीचे स्नायू झिजल्यामुळे जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला हाताचा आधार घेतल्याविना उठता येत नाही. हे प्रथिनयुक्त आहार आणि नियमित व्यायामाने हळूहळू सुधारते. जांघेत दुखून लंगडत चालावे लागत असेल, तर मात्र त्याला विच्छेदनाचा त्रास समजून वाट पाहू नये. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा स्टेरॉइडमुळे खंडित होऊ शकतो, सुरुवातीला साधा एक्स-रे निर्दोष येऊ शकतो आणि निदानासाठी एमआरआय लागतो. कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांत हा विकार मुंबईतील अस्थिरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवला होता.

तूट आहे की नाही, हे ठरवण्यासाठी सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी, रक्तातील कॉर्टिसोल मोजतात. ते डेसिलिटरमागे दहा मायक्रोग्रॅमहून अधिक असेल तर ग्रंथी बहुधा सावरलेल्या असतात, पाचहून कमी असेल तर औषध चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते, आणि मधल्या आकड्यांत डॉक्टरांचा अनुभव कामी येतो. प्रेडनिसोलोन काही चाचण्यांत कॉर्टिसोल म्हणूनच मोजले जाऊ शकते, त्यामुळे आदल्या दिवशीची गोळी किती वाजता घेतली, हे प्रयोगशाळेला सांगायला हवे.

भारतात या प्रश्नाला काही खास पदर आहेत. कुष्ठरोगात मज्जातंतूंना सूज येणाऱ्या ‘रिअ‍ॅक्शन’साठी चाळीस मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनपासून दर पंधरवड्याला उतरत बारा आठवड्यांचा क्रम वापरला जातो, आणि त्यातील शेवटचे पंधरवडे रुग्णाला बरे वाटू लागल्यामुळे हमखास चुकवले जातात. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध यकृतात स्टेरॉइडचा निचरा वेगाने घडवते, म्हणून क्षयाचे उपचार सुरू होताच तोच डोस अपुरा पडू शकतो. आणि सांधेदुखीवर बिनलेबलाच्या पुड्या घेणाऱ्यांच्या बाबतीत, पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असले तरी ते कोणालाच ठाऊक नसते. पुडी बंद केल्यावर माणूस गळून पडतो, आणि कारण शोधणाऱ्याने पुडीचा विषय काढला नाही तर निदान हुकते.

ग्रंथी सावरेपर्यंत ताप, जुलाब, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी शरीराला नेहमीपेक्षा जास्त कॉर्टिसोल लागते. म्हणून तापात डोस किती दिवस आणि किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, रुग्ण गुंगीत जात असेल किंवा रक्तदाब उतरत असेल, तर शंभर मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते, आणि तेथे अर्ध्या तासाची दिरंगाईही नको. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना यासाठीचे आणीबाणीचे कार्ड दिले जाते. आपल्याकडे डॉक्टरांच्या लेटरहेडवर मराठीत आणि इंग्रजीत चार ओळी लिहून घेऊन पाकिटात ठेवल्या तरी काम भागते. त्यांत औषधाचे नाव, सध्याचा डोस, ते केव्हापासून चालू आहे आणि बेशुद्धीत कोणते इंजेक्शन द्यायचे, एवढे असावे, आणि डोस बदलेल तसा त्यावरचा आकडा तारखेसह बदलावा.